मार्लिसची हिरवळ आणि माझं बसायचं मशीन

एल्म प्रेरी, मिनेसोटा
१४ जून, सोमवार

आदरणीय आर्डिसताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे (कारण पुढे येईल), म्हणून उभ्या उभ्याच हात जोडतो. तुमचा गुडघा कसा आहे? डलूथची हवा अजून बोचरीच असेल. साडूबुवांना यंदा मासे गावतायत का? इकडे सर्व क्षेम. म्हणजे क्षेम असं काही नाही, पण पत्रात आधी तसं लिहायचं असतं. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, गेले पाच आठवडे तुमच्याकडे आहे, तेव्हा तीही मजेत असणार. मी फोन केला की ती नेमकी सरोवराकाठी फिरायला गेलेली असते. सकाळी सहालाही गेलेली असते, आणि धो धो पाऊस असला तरी असते. असो. तिने परत यावं असं मी मुळीच म्हणत नाही. हे पत्र फक्त गवताबद्दल आहे.

मार्लिसने आपली बाजू तुम्हाला सांगितली असेलच, आता माझीही ऐका. आमच्या अंगणातली हिरवळ एकतीस वर्षं तीच कापत आली. दर शनिवारी न्याहारी झाली की आधी अंगणभर फिरून खडे आणि काटक्या वेचायची (मला वाटायचं व्यायाम करते), मग तेल बघायची, आणि दोरी एकदा ओढली की तिचं ते ढकलायचं लाल मशीन सुरू. मी खिडकीत कॉफी घेऊन उभा राहायचो आणि कुठे राहिलंय ते बोटाने दाखवायचो. एप्रिलमध्ये धान्याच्या कोठारातून मी निवृत्त झालो, तेव्हा म्हटलं, बिचारीला आता विश्रांती द्यावी. तिला न सांगता ते लाल मशीन चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकलं आणि वर बसून चालवायचं नवंकोरं आणलं. त्याला रिबीनही बांधली. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "माझं कुठंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." ताई, तुम्ही तिच्या थोरल्या बहीण, तिचं 'बरं' काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती तुमच्याकडे आली.

आता मशीन निवडताना माझं चुकलं का? थोडंसं. दुकानदाराने विचारलं, अंगण केवढं आहे? आता आपल्या राज्यात मासा आणि अंगण यांचं खरं माप कोणी पुरुष सांगतो का? मी म्हटलं, "बऱ्यापैकी." त्याने मला थेट मागच्या दालनात नेलं. तिथे दिवे लावलेलं, कप ठेवायला जागा असलेलं धूड उभं होतं. आमचं अंगण तुम्ही पाहिलंय, दारातून टोपी फेकली तर ती शेजारच्या लेनर्ड क्विस्टच्या अंगणात पडते. मी मशीनवर बसून ते सरळ करेपर्यंत कुंपण येतं. मागच्या अंगणात तर ते जाईचना, शेवटी फाटक बिजागऱ्यांसकट उतरवावं लागलं. (फाटक अजून गॅरेजला टेकून उभं आहे. मार्लिसला सांगू नका.)

पहिल्याच फेरीत एक धोंडा पात्याखाली आला. तेव्हा कळलं की तो व्यायाम नव्हता. पात्याला हा एवढा खांडा पडला. मी स्पार्क प्लगची वायर काढली (इतकी अक्कल मला आहे), मशीन विटांवर चढवलं (कंबर ती इथे गेली), पातं काढलं, कानशीने दोन तास घासून वस्तऱ्यासारखं केलं आणि पुन्हा बसवलं. मग दीड तास ऐटीत मशीन हाकलं. गवत मशीनखाली अदबीने आडवं होई आणि मी पुढे गेलो की पुन्हा उभं राही. क्विस्ट त्याच्या पायरीवर कॉफी पीत सगळं बघत होता. दीड तासाने म्हणाला, "ही पद्धत वेगळीच आहे हं, डेल्मर." आमच्याकडे यापेक्षा जहाल टीका नाही, ताई. लग्नाच्या वेळी माझा कोट बघून तुमच्या आई हेच म्हणाल्या होत्या. आणखी दोन दिवसांनी तो म्हणाला, "काही लोक पातं दुसऱ्या बाजूनेही लावतात म्हणे." मी म्हटलं, "असतात असे लोक." आता पडती बाजू कशी घेणार? पातं तसंच ठेवलं आणि पात्याच्या उंचीची खुंटी सगळ्यात खाली ओढली. त्या उलट्या पात्याने पुढच्या अंगणात मातीच सोलून काढली.

मग पेट्रोल संपलं. गॅरेजमध्ये एक डबा होता, त्यावर मार्लिसच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मागच्या ऑक्टोबरचं. वापरू नये.' मला वाटलं, काटकसर करून ठेवलंय. ओतलं. मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, कार्बुरेटरमध्ये डिंक झालाय, तीन आठवडे लागतील. तेवढ्यात पाऊस पडला, आणि सोललेला पट्टा सोडून बाकी गवत गुडघ्याला लागलं.

आता आमच्या गावात गवत गुडघ्याला लागलं की त्याचे दोनच अर्थ, घरात कोणी गेलं किंवा कोणी जायच्या बेतात आहे. तिसरा कोणाला सुचत नाही. क्विस्टची बायको फर्न, दुखण्याच्या घरी नेतात तसं ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचं भांडं घेऊन दारात आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मार्लिस दिसत नाही कुठं." मी म्हटलं, "बहिणीकडे आहे, डलूथला." "अगं बाई! तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात का?" तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण भांडं गरम होतं, वरच्या बटाट्याच्या गोळ्या खरपूस झाल्या होत्या, आणि मी चार दिवस नुसत्या डब्यातल्या सार्डिन माशांवर होतो. मी नुसता सुस्कारा सोडला. तेव्हापासून सात भांडी आली आहेत, प्रत्येकाच्या बुडाला नावाची पट्टी.

परवा शनिवारी सकाळी सातला चार पुरुष चार मशीनं घेऊन आले. त्यांनी वीस मिनिटांत सगळं अंगण कापलं, खिडकीकडे बघून टोप्या काढल्या आणि निघून गेले. मी खिडकीत ड्रेसिंग गाऊनमध्ये उभा होतो. त्यातलं एक मशीन मार्लिसचं लाल होतं. ज्याने विकत घेतलंय तो ढकलत होता. पहिल्या ओढीला सुरू झालं हो, ताई. ते ऐकताना माझ्या डोक्यात उजेड पडला की आठवड्यातला तो दीड तास तिला कोणी काही विचारत नव्हतं, कोणी हाक मारली तरी ऐकू येत नव्हती, आणि त्या 'कोणी'मध्ये मुख्यतः मीच होतो. मला फार वाईट वाटलं. दुपारपर्यंत काही खाल्लं नाही.

असो. हिरवळ आता उत्तम आहे. काळजी नसावी. साडूबुवांना नमस्कार, आणि गुडघ्याला शेक देत जा.

आपला आज्ञाधारक,
डेल्मर

ता. क. सहज बोलता बोलता मार्लिसला विचाराल का, पात्याचा वळलेला काठ वर येतो की खाली? क्विस्टला हवंय म्हणून सांगा.

दुसरा ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी चर्चमध्ये मार्लिससाठी प्रार्थना आहे, आणि त्यानंतरच्या गुरुवारी महिला मंडळाच्या नऊ जणी तिला भेटायला येतायत. मी 'ती आदल्या दिवशी, बुधवारी येतेय' असं बोलून बसलोय. तिला तेवढी त्या बुधवारच्या बसमध्ये बसवा. जरा थकलेली दिसली तर उपकार होतील.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पास्टर आले. प्रार्थनेत नीट नाव घ्यायचं म्हणून त्यांनी विचारलं, आजार कोणता? माझ्याने पुढे खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी ढवळली. मग म्हणाले, "चुकलं म्हणालास का तिला?" मी म्हटलं, "तिच्या बहिणीला चार पानी पत्र लिहिलंय." "बहिणीचं काय दिलंस टाकून?"  म्हणून ताई, पाकिटावरचं तुमचं नाव खोडून मी तिचं घातलं आहे. रागावू नका, आणि चुकून फोडलं असलंत तर इथे थांबा आणि तिच्याकडे द्या.

मार्लिस, तुझी वस्तू तुला न विचारता मी देऊन टाकली. चुकलं माझं. आजारी दिसायची काही गरज नाही. घरी ये.