ओतानीच्या कार्डाची आणि उरलेल्या वस्तूंची व्यवस्था

मी, आर्या गिरीश दाबके, वय ३१, राहणार नॉटिंगहॅम, रुग्णालयातील उपकरणांची तपासणी करणारी इंजिनिअर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शरीराविषयी दाखल्याची गरज नाही. स्कॅन मी स्वतः पाहिले आहेत. ते ज्या मशिनवर काढले त्याची तपासणी मीच केली होती, त्यामुळे चूक मशिनची असेल ही आशाही मला करता येत नाही.

मराठीत लिहिते, कारण हे आईला वाचायचे आहे. इंग्रजी भाषांतर सॉलिसिटर करून घेतील. अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि नोकरीतून जे काही मिळेल ते सर्व माझी आई, सुप्रभा गिरीश दाबके, हिला. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा दाब एकाच्या खाली गेला तर खालचा काळा नॉब हळू उघडायचा, काटा दीडवर आला की बंद. आई, हे तुला तीनदा दाखवले आहे. चौथ्यांदा दाखवायला मी नसेन म्हणून इथे लिहिले.

२. मापे घेण्याचा माझा व्हर्निअर, भिंग आणि स्क्रूड्रायव्हरचा संच माझ्या विभागाला. ही हत्यारे सहकारी माधव याला द्यायची होती. पण इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही मिळू शकत नाही, आणि मला साक्षीदार हवा होता. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे व्हर्निअर गेला माझा?" मी म्हटले, "गेला." "मग निदान चहा तरी चांगला कर." चहा आई करते. चांगला असतो.

३. वेम्बलीच्या रेखामावशीने दिलेला ज्यूसर तिला परत करावा. बीट आणि सकारात्मक विचार यांनी ट्यूमर विरघळत नाही. मावशी, तुमचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. राग गेलेला नाही.

४. बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डे, निळ्या डब्यातील सर्व, आईला. आई, हा खेळ तू कधी पाहिला नाहीस, म्हणून कोण कोण आहे ते लिहून ठेवते. कुणी विकत घ्यायला आला तर नावे माहीत असावीत.

आजच्या खेळाडूंमध्ये संग्राहक सर्वांत जास्त शोधतात तो शोहेई ओतानी. तो चेंडू टाकतो आणि फटकेही मारतो. त्या खेळात ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांची असतात. त्याच्यानंतर ॲरन जज: धिप्पाड, न्यूयॉर्कचा, आणि न्यूयॉर्कचा असला की मागणी आपोआप वाढते. माइक ट्राउट सारखा जखमी होतो, तरी त्याच्या २०११च्या कार्डाची आशा लोक सोडत नाहीत. का, ते आता मला थोडे कळते. हुआन सोटो आणि एली दे ला क्रूझ तरुण मुलांना आवडतात. पॉल स्कीन्स नुसता चेंडू टाकणारा. अशांच्या कार्डांवर संग्राहक सहसा विश्वास ठेवत नाहीत, कारण खांदा किंवा कोपर कधी जाईल सांगता येत नाही. त्याला मात्र अपवाद केला आहे.

यांतली बरीचशी माझा धाकटा भाऊ कबीर याने जमवली. कार्डाच्या चारही बाजूंचा समास सारखा लागतो. तो मी भिंगाखाली मोजून द्यायचे आणि तो श्वास रोखून उभा राहायचा. कार्ड बोटांनी फक्त कडेला धरायचे. एवढे पाळावे.

५. ओतानीचे २०१८चे, त्याच्या पहिल्या हंगामातील कार्ड आईला.

हे बाबांनी कॅलिफोर्नियातील परिषदेहून आणलेल्या, कार्डांच्या बंद पाकिटात निघाले. पुढच्या वर्षी बाबा गेले. कबीरला ते विकायचे नव्हते. त्याला ते अमेरिकेत, कार्डे तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे पाठवून त्यावर दहापैकी दहा हवे होते. बाबांनी आणलेल्या वस्तूत दोष नाही, असे कुणीतरी लिहून द्यायला हवे होते. २०२१च्या दसऱ्याला आईने पूजेत माझा व्हर्निअर मांडला, बाबांचा स्टेथोस्कोप मांडला, आणि ते कार्ड कडक प्लास्टिकच्या पेटीतून बाहेर काढून त्यावर ओले हळदकुंकू लावले.

"आई! यू'व्ह रुइन्ड इट! बाबांचा होता तो!" कबीर त्याच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत ओरडला.

"अरे, बाबांचं म्हणूनच तर पुजलं!"

"पेटीतून काढलंस कशाला?" मी विचारले.

"प्लास्टिकला लावलं असतं तर ते प्लास्टिकला लागलं असतं ना."

दोघांचेही बरोबर होते. त्यामुळे दुरुस्तीला जागा नव्हती. कबीर त्याच संध्याकाळी लंडनजवळच्या स्लाऊला गेला. तिथल्या गोदामात काम करतो. तेव्हापासून तो आईशी बोललेला नाही, आणि आईने पूजेत एकही हत्यार मांडलेले नाही. "फेकून दे," असे तो मला म्हणाला होता. मी फेकले नाही. पुसलेही नाही, कारण संग्राहकांच्या लेखी पुसणे ही छेडछाड. मीच ते अमेरिकेत पाठवले. दहापैकी दोन मिळून, हळदकुंकवासकट सीलबंद होऊन परत आले. माझ्याबरोबर जाळावे असा विचार केला होता. शवपेटीत प्लास्टिक चालत नाही. चौकशी केली.

६. कबीर गिरीश दाबके याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

हे रागाने लिहिलेले नाही. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, मला काही नको. तुझ्यानंतर तिच्या हातून काही घ्यायचा नाही मला." मी म्हटले, "मग साक्षीदार म्हणून ये. साक्षीदाराला काही मिळूच शकत नाही." सही कधी, ते त्याने विचारले. मग म्हणाला, "डन. दसऱ्याला येतो." त्याला या घरात आणण्याचा मला दुसरा रस्ता सापडला नाही. माझ्यानंतर आईला इथे कोणी नाही. एकदा दार उघडले गेले तर पुन्हा उघडणे सोपे जाते, असे मी धरून चालले आहे. याला पुरावा नाही.

७. माझ्या नावाने कुठेही स्मरणार्थ बाक बसवू नये.

८. (सही करण्यापूर्वी हाताने लिहिलेले.) आज दसरा. माधव दुपारपासून बसून आहे. आईने तिसऱ्यांदा चहा गरम केला. कबीर आला नाही. फोन बंद आहे. शेजारच्या जॉइसला बोलावले आहे. तिला मराठी वाचता येत नाही, पण साक्ष सहीची असते, मजकुराची नाही.

कबीर साक्षीदार नाही. म्हणजे आता कायद्याने त्याला देता येते. सबब कलम ५ मधील पहिले वाक्य आणि कलम ६ मधील पहिले वाक्य रद्द. ओतानीचे कार्ड कबीरला. बदलांशेजारी आम्हा तिघांच्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत.

त्याने ते आईच्या हातून घ्यावे अशी अट मी घालत नाही. पोस्टाने पाठवावे. पाकिटावर पत्ता मात्र आईला लिहू द्यावा.

वरील सर्व माझे म्हणणे आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही केली.

आर्या गिरीश दाबके

साक्षीदार १: माधव रणदिवे, सहकारी
साक्षीदार २: जॉइस हॉलम, शेजारी

स्थळ: नॉटिंगहॅम
दिनांक: २ ऑक्टोबर २०२५