बांगड्याचं पाणी

बुधवार, डिसेंबर. संध्याकाळ.

राग अजून उतरलेला नाही. आईने आज माझ्या स्वीट विल्यम या विलायती फुलझाडाच्या रोपांवर बांगडे धुतलेलं पाणी ओतलं. इथल्या उकाड्यात दोन हिवाळे बी रुजल्या रुजल्या कुजलं. या वेळी विहिरीजवळच्या सावलीत ट्रे ठेवून, मोजून पाणी देऊन रोपं बोटभर वाढवली होती. आणि त्यांच्यावर बांगड्याचं पाणी!

त्या वासाने मांजर आलं आणि त्याने सगळा ट्रे उकरला. मी कामावरून आले तेव्हा मातीत खवले चमकत होते आणि रोपं उलटी पडली होती.

"अगो, कढीपत्त्याला घालते तेच घातलं," आई म्हणाली. "तो बघ कसा फोफावलाय. तुझ्या विल्यमला काय गुलाबपाणी हवं होतं?"

चूक मांजराची, असं तिचं ठाम मत. मी दिवसभर प्रयोगशाळेत पाणीच तपासते. घरात मात्र पाणी घालण्याआधी मला एका शब्दाने विचारावं, असं कुणाला वाटत नाही. का?

तीन रोपं वाचली. ती माझ्या खोलीत खिडकीशी आणून ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती.

"फुलं कधी येतील?"

"मार्चमध्ये, आली तर. तू काही घालू नकोस."

"मग मी काय करू?"

मी पानांवरचे खवले चिमटीने काढत राहिले.

एका पानाला अजून खवला चिकटलाय. खोलीभर बांगड्याचा वास आहे, आणि खिडकी उघडता येत नाही. मांजर बाहेरच बसलंय.