साहेबांचा माईक

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

एरंडोलची बदली हातची गेली. आई तिथे एकटी, तिला फोन करायचं धाडस होत नाही.

साहेबांची अट होती, शाखांच्या व्हिडिओ मीटिंगचा सर्व्हर सांभाळणारं दुसरं कोणी तयार करा, मग सोडतो. म्हणून महिनाभर ऑफिसातल्या वंदनाताईंना शिकवलं. कुठली शाखा कधी जोडायची, कोणाचा माईक बंद ठेवायचा, सगळं. परवा शिंदखेडा आणि पिंपळनेर शाखांची मीटिंग त्यांनी एकटीने बिनचूक चालवली.

आज साहेबांसमोर बसवलं, तर बाईंनी साहेबांचाच माईक बंद केला. साहेब बोलतायत, स्क्रीनवर शाखांतले लोक कानावर हात ठेवून ऐकू येत नसल्याच्या खुणा करतायत, बाई शांत. शेवटी साहेब म्हणाले, "राहू द्या. पाटील, तुम्हीच बसा."

जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "माले बठ्ठं येस, भाऊ." सगळं येतं, पण तसं दाखवलं की त्या खुर्चीतून सुटका नाही.

राग यायला हवा होता. पण तो माईक... साहेबांचा माईक चुकून बंद होतच नाही. सॉफ्टवेअर आधी विचारतं, नक्की बंद करायचा का? बाईंनी 'हो' दाबलं.

माझा हात एवढ्या वर्षांत तिकडे वळला नाही.