टोचलंय म्हणून सांगितलं

अण्णा, आमच्या घरी आता कुत्रं आहे. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी आलं, त्यामुळं तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. लेकीनं त्याला जे नाव ठेवलंय ते तुम्हांला उच्चारता आलं नसतं, तुम्ही आपलं "ए पठ्ठ्या" म्हणूनच हाक मारली असती. तांबूस रंगाचं, मोठ्या हाडाचं आणि खाण्याला लई हावरं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि या इमारतीत कुत्रं पाळणारी तीनच घरं आहेत, म्हणून रोज काही ना काही ठरवावं लागतं. लिफ्टनं न्यायचं की जिन्यानं, समोरून लहान मुलं आली तर पट्टा किती आखडायचा, उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत फिरवून आणायचं की संध्याकाळची वाट बघायची, गोचीड दिसली तर घरीच काढायची की दवाखाना गाठायचा. शेजारचे लोक असलं सगळं मला विचारतात, कारण मी जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी आहे हे इथं सगळ्यांना माहीत आहे. ते मीच सांगितलंय. राहायला आलो त्या महिन्यात कुणीतरी विचारलं, वडील काय करायचे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "करमाडला गुरांचे डॉक्टर होते." तुम्ही तिथं ड्रेसर होतात. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची मान धरून ठेवायची, हे तुमचं काम. जन्मभर तुम्ही ते केलंत आणि मी एका वाक्यात तुम्हांला बढती देऊन टाकली. तेव्हा वाटलं, यात कुणाचं काय जातंय.

शाळा सुटली की मी दप्तरासकट तुमच्याकडं यायचे. पत्र्याची शेड, गुरं अडकवायचा लाकडी खोडा, फिनेल आणि शेणाचा एकत्र वास, जखमा धुवायच्या जांभळ्या पाण्याची बादली. तुम्ही खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून बसलेले असता. कुणी कुत्रं घेऊन आलं की पट्टीचा फास आधी त्याच्या तोंडाभोवती टाकता, कानामागं गाठ मारता आणि मालकाला सांगता, "गरीब हाय म्हनू नका. दुखलं की कुनीबी चावतंय." मग विचारता, "टोचलंय का?" मालक म्हणतो, टोचलंय की मागं. "मागं म्हंजी कवा? कागद दाखवा." कागद नसला तर टोचलेलं नाही असंच तुम्ही धरून चालायचात, समोरचा कितीही मोठा माणूस असो. मला तेव्हा तुमची लाज वाटायची. तुमच्या हाताला येणाऱ्या वासाची, आणि लोक तुम्हांला "ए" म्हणून बोलवायचे त्याचीही.

आमच्याकडं कागद आहे. फ्रिजला चुंबकानं लावलेलं निळं कार्ड. त्यावर रेबीजच्या लशीची पुढची तारीख लिहिलेली होती आणि ती उलटून सव्वा वर्ष झालं होतं. तसं मोठं कारण काही नव्हतं. दवाखाना क्रांती चौकाच्या पलीकडं, गाडीत बसवलं की हे उलटी करतं. एका शनिवारी कंपनीत ऑडिट निघालं, दुसऱ्या शनिवारी लेकीची परीक्षा. घरातच तर असतं, याला कुठून काय होणार, असं मी स्वतःला सांगत गेले. मग एकदा खाली फाटकापाशी रस्त्यावरच्या एका कुत्र्यानं त्याच्या कानाला ओरखडा काढला. मी साबणानं धुतलं, मलम लावलं, हात पुसता पुसता कार्डाकडं बघितलं, आणि तरीही नेलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते घडलं. आमच्याकडं धुण्याभांड्याला एक मावशी येत होत्या, सात वर्षं. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठ्या. त्या सकाळी त्या ओट्याखालची फरशी पुसत होत्या, कुत्रं जेवत होतं, आणि त्यांनी त्याचं भांडं हातानं बाजूला सारलं. त्यानं मनगटाला धरलं. एकदाच, पण दोन दात चांगले रुतले. खातं कुत्रं बाल्कनीत बंद करावं, एवढी साधी गोष्ट मी लेकीला शंभरदा सांगते, आणि त्या दिवशी मीच घरात होते. मी मावशींचा हात नळाखाली धरला. पंधरा मिनिटं धुवायचा असतो, साबण लावून, हे मला पाठ आहे. मी दोन मिनिटं धुतला असेल. मग त्या म्हणाल्या, "ताई, याला टोचलंय ना?"

फ्रिज माझ्या पाठीशी होता. मी म्हटलं, "हो, सगळं टोचलेलं आहे. काळजी करू नका."

"नाय, सून म्हनती इंजेक्शनं घ्यावी लागतात."

"मावशी, मी डॉक्टरांची मुलगी आहे. मला कळणार नाही का?"

त्या हसल्या. "मग झालं तर. सरकारी दवाखान्यात समदा दिवस जातो. दोन घरांचा खाडा झाला असता." आणि त्यांनी उरलेली भांडी एका हातानं घासली. दुसरा हात त्या छातीशी धरून होत्या. मी शेजारी उभी राहून चहा करत होते, त्यांनाही दिला.

खोटं का बोलले, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. इमारतीच्या बैठकीत कुत्र्यांवरून आधीच दोनदा वाद झाले होते, कुणाला चावलं तर कुत्रं ठेवू देणार नाही असं सेक्रेटरी म्हणाले होते, ते एक. पण खरं म्हणजे, डॉक्टरांच्या मुलीच्या कुत्र्याची लस राहिली हे कुणाला कळू नये, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. मी त्या दोन दातांच्या खुणांकडं बघत असतानासुद्धा स्वतःचाच विचार करत होते.

आणि हे माझ्या हातून पहिल्यांदा घडत नव्हतं, अण्णा. तुम्हांला आठवत असेल. मी पाचवीत होते. दवाखान्याच्या शेडपाशी एक पांढरं कुत्रं पडून असायचं, मी त्याला हातानं भाकरी भरवायचे. माझ्या वर्गात गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची मुलगी होती. ती माझ्याबरोबर चोरून आपल्या वस्तीकडं खेळायला यायची. कुत्रं तिच्या पोटरीला चावलं. ती रडत म्हणाली, "घरी सांगू नको गं, इकडं आले व्हते कळलं तर मला मारतील." मी जखमेवर चुना लावला आणि कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी कुत्र्याचा जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा. तुम्ही लांबूनच दोरीचा फास टाकून त्याला लिंबाला बांधलं आणि शेडमधल्या एकेकाला विचारलं, "कुनाला चावलंय का? दातबी लागलाय का?" मी तिथंच होते. गप्प राहिले. दुपारी तुम्ही डबा उघडला, मला समोर बसवलं, अर्धी भाकरी माझ्या हातात दिलीत, तेव्हा मी बोलले.

तुम्ही डबा तसाच टाकून उठलात. माझं मनगट धरून मला चालवत नेलंत, पार त्यांच्या घरापर्यंत. आपल्या वस्तीतलं कुणी त्या घराच्या पायऱ्या चढत नसे. तुम्ही खाली उन्हात उभे राहिलात आणि सगळं सांगितलंत, माझं नावसुद्धा लपवलं नाहीत. तिचे वडील जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. तुमच्या दवाखान्याला बोलले, आपल्या घराला बोलले, जातीला बोलले. तुम्ही थांबून ऐकलंत आणि म्हणालात, "मालक, शिव्या मागून द्या. पोरीला आधी गाडीत घाला." तिला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. मी त्या कुत्र्याला हातानं भरवलं होतं म्हणून मलाही, आणि त्याला बांधताना लाळ अंगावर उडाली म्हणून तुम्हांलाही. चौदा दिवस आपण दोघं एसटीनं शहरात जात होतो. तुम्ही मला रोज खिडकीची जागा देत होतात आणि एक शब्द बोलत नव्हतात. शेवटच्या दिवशी उतरताना म्हणालात, "कुत्र्याचा दोष नाय. त्याला कळत नव्हतं. तुला कळत व्हतं." ती मुलगी वाचली. पुढं तिचं लग्न झालं, मुलं झाली. ती गावात भेटली की मी आजही रस्ता बदलते.

मावशींना चावल्यानंतरचे तीन दिवस मी कामावर गेले. वाळूजच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे, मापं तपासायची साधनं माझ्या ताब्यात असतात. प्रत्येकावर तपासणीच्या मुदतीची पट्टी चिकटवलेली असते. दुसऱ्या दिवशी एका ऑपरेटरच्या टेबलावर मुदत संपलेलं गेज सापडलं. तो म्हणाला, "मॅडम, गेज चांगलंय, फक्त तारीख गेलीय." मी त्याला चारचौघांत सुनावलं, "तारीख गेली म्हणजे ते चांगलं आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही." तो खाली मान घालून उभा राहिला. घरी आल्यावर मावशी येऊन गेलेल्या असायच्या, भांडी पालथी घातलेली. तिसऱ्या दिवशी गाठ पडली. हात सुजला होता, त्यावर हळद. मी म्हटलं, "कसं आहे?" त्या म्हणाल्या, "बरंय की." मी आत निघून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि त्यांच्या घरी गेले. रेल्वे रुळापलीकडं, एका गल्लीत. सात वर्षांत पहिल्यांदा. मावशी दारात मेथी निवडत बसल्या होत्या, सून आत भाकरी थापत होती. त्यांनी लगबगीनं खुर्ची पुढं केली. मी उभीच राहिले.

"मावशी, मी तुम्हांला खोटं सांगितलं. त्याची लस राहिली आहे. सव्वा वर्ष झालं मुदत संपून."

त्यांना आधी नीट उमगलं नाही. "म्हंजी टोचलं नाय व्हय?"

"आधी टोचलं होतं. आता त्याचा भरवसा धरता येत नाही."

आतला भाकरीचा आवाज थांबला. मावशींनी हातातली मेथी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "याच हातानं मी नातवाला भरवते, ताई." आणि पुन्हा, "तुम्ही तर म्हनला, डॉक्टरची लेक हाय."

"माझे वडील डॉक्टर नव्हते. पट्ट्या बांधायचे तिथं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग त्यांला तर जास्तच कळत असंल," म्हणाल्या, आणि चपला घालायला उठल्या.

सरकारी दवाखान्यात तीन तास लागले. जखमेच्या कडेनं सुई घातली तेव्हा त्यांनी माझा नाही, सुनेचा हात धरला. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं, "चावल्या दिवशीच का नाही आलात? एवढा उशीर करतात का?" मी तोंड उघडणार तोच मावशी म्हणाल्या, "कामं व्हती, बाई." डॉक्टर त्यांच्यावरच रागावल्या. तुम्हांला आपल्या जिवाची काळजी नाही, म्हणाल्या. मावशींनी ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं. त्याच वेळी बोलायला हवं होतं, दोन पावलांवर उभी होते मी.

पुढच्या प्रत्येक तारखेला मी त्यांना गाडीनं नेलं. कुत्र्याला दहा दिवस वेगळं बांधून ठेवलं, रोज बघितलं. त्याला काही झालं नाही. दहा दिवसांनी त्याला लस दिली. आता बाहेर नेताना तोंडाला जाळी असते आणि जेवताना बाल्कनीचं दार लावलेलं असतं. मावशींचंही सगळं नीट पार पडलं. शेवटचं इंजेक्शन झालं त्या दिवशी गाडीतून उतरताना म्हणाल्या, "ताई, मी दुसरं घर धरलंय. कुत्र्याचा राग नाय बरं का." मी त्यांना थांबा म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? नंतरच्या बैठकीत मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं की आमच्या कुत्र्याची लस राहिली होती आणि ते चावलं. माझे वडील ड्रेसर होते हेही सांगितलं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. लेकीला सापडू नये म्हणून जाळूनसुद्धा टाकीन. कारण तिला आणि तिच्या बाबांना मी सांगितलंय की मला राहवलं नाही, अण्णांची आठवण आली, म्हणून मी चौथ्या दिवशी मावशींकडं गेले. लेक तेव्हा माझ्या गळ्यात पडली होती. तसं नव्हतं. त्या सकाळी कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं नाही, आणि ते पिसाळलंय असं वाटून मी घाबरले. नंतर कळलं, लेकीनं पहाटे त्याला बिस्किटांचा अख्खा पुडा खाऊ घातला होता. ते रोजच्यासारखं जेवलं असतं, अण्णा, तर मी त्या दिवशीही कामावर गेले असते.