पुलाचा मधला गाळा

२ मार्च
नाही म्हणे! पुलाचं काम महिनाभर थांबव म्हटलं, तर गोरा इंजिनिअर माझ्याच कचेरीत, माझ्याच खुर्चीसमोर उभा राहून मला नाही म्हणतो! वीस तारखेला पुलाचा मधला गाळा बसणार, त्याच दिवशी माणसं चालायला लागणार. मग माझं जहाज नदीतून समुद्रात जाणार कसं? डोलकाठ्या नंतर चढवता येतात, पण धडच पुलाहून उंच! तीस वर्षं जहाजं बांधतोय, एवढं मोठं पहिलंच — आणि ते डबक्यात सडणार!

४ मार्च
मेहुणा जेवताना म्हणाला, "पूल ठेंगणाच करा म्हणून नगरपालिकेत तुम्हीच घसा फोडला होतात ना, दाजी?" हो, फोडला! खर्च वाचला म्हणून तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हे जहाज तेव्हा कुठं होतं? ताट सारून उठलो. बायको म्हणते, अन्नावर राग काढू नका. मग कुणावर काढू?

९ मार्च
फळ्यांच्या फटी भरायलाच अजून महिना, असं मोठा मिस्त्री म्हणतो. "मालक, घाई केलीत तर पहिल्याच दिवशी पाणी आत." या सगळे, मलाच शिकवा!

११ मार्च
नगरपालिकेचा अध्यक्ष मी आहे की तो इंजिनिअर? ठराव मांडला — खांबांची तपासणी, तोवर पुलाचं काम महिनाभर बंद. खांबांना काय धाड भरलीय! सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नऊ हात वर झाले. एकटा डॉक्टर उठला. "पलीकडच्या माणसांनी आणखी महिनाभर त्या मोडक्या नावेतून यायचं?" म्हटलं, त्यांचे बाप-आजे आले तसे येतील. सभा हसली. डॉक्टर टोपी उचलून निघून गेला. जा!

१९ मार्च
इंजिनिअर वरच्या साहेबांकडे तक्रार करणार म्हणे. कर. तोवर जहाज पाण्यात.

२३ मार्च
दोन दिवस वारा नुसता पिसाटलाय. पलीकडचे सुतार आलेच नाहीत, मिस्त्रीसुद्धा नाही! इथं एक एक दिवस सोन्याचा, आणि हे घरात पाय पसरून! निरोप धाडला — उद्या येणार नाही त्यानं पुन्हा तोंड दाखवू नये.

२४ मार्च
निघाले. सगळे एकाच खेपेत बसले. भर नदीत नाव उलटली. चौदांपैकी तिघं वाचले. मिस्त्री नाही.
पूल चार दिवसांपूर्वीच सुरू झाला असता.
वारा पडल्यावर मिस्त्रीची बायको पलीकडून होडीनं येऊन ओट्यावर बसलीय. माझ्या बायकोनं पाणी विचारलं तर नको म्हणाली. मला बाहेर जायचा धीर होत नाही.