‘खराब’ लिहिलेली कॅसेट

१ फेब्रु., रवि.
जेवताना इराने विचारलं, "आजीचा आवाज कसा होता गं?" आठ वर्षांची झाली. सासूबाईंचं घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा रांगत होती. सासूबाईंनी पाटीवर लिहिलं, "कावळ्यासारखा", आणि भात वाढून घेतला.
साफ खोटं. निवृत्त होईपर्यंत रेडिओवर निवेदिका होत्या, अर्धं भोपाळ त्यांच्या आवाजावर घड्याळं लावायचं. आवाज गेला त्या दिवसापासून घरातला रेडिओ माळ्यावर. तो विषय काढायचा नाही. पण पोरीने एकदा तरी ऐकायला हवं. शोधणार मी.

५ फेब्रु., गुरु.
रेडिओ केंद्रावर जाऊन आले. सगळ्यांनी आठवण काढली, चहा पाजला. रेकॉर्डिंग मात्र नाही. गाण्यांच्या टेपा होत्या, निवेदन थेट. ते कोण जपून ठेवणार? अनिल म्हणाला, सोड ना. माझ्या नवऱ्याला सगळंच सोडता येतं.

८ फेब्रु., रवि.
घरून, कोटऱ्याहून, रिक्षाने अशोका गार्डन. सलीमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता बहुतेक चार्जरच विकतात. जुन्या श्रोता संघाचे सेक्रेटरी. भिंतभर कॅसेटी, सगळ्या सासूबाईंच्या फर्माइशी कार्यक्रमाच्या. मी हरखलेच.
एक लावली. गाणं, खट्, पुढचं गाणं. दुसरी लावली, तेच. सलीमभाई मान खाली घालून म्हणाले, "दीदी बोलने लगतीं तो मैं पॉज दबा देता था, भाभी. गाना चाहिए होता था."
संघातले सगळे असंच करायचे म्हणे. जिच्यासाठी रेडिओ लावायचा, तिलाच कापायचं! हसावं की रडावं. सगळ्या कॅसेटी ऐकून काढतो म्हणाले, कुठे तरी बोट चुकलं असेल.

११ फेब्रु., बुध.
सासूबाईंच्या कपाटात श्रोत्यांची पोस्टकार्डं सापडली. बायका फर्माइश पाठवायच्या ती ‘रामलाल की पत्नी’, ‘गुड्डू की माँ’ म्हणून. ह्या बाई रेडिओवरच विचारायच्या, आपलं नाव काय? मग पुढच्या कार्डांवर कमला, शांती, फूलवती. अनिल सांगतो, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात अख्ख्या शिफ्टला बायकोचं नाव कळलं म्हणून एकाने घरी भांडण केलं. महिन्याभराने तोच केंद्रावर पेढे घेऊन आला.
नागपूरची बाई, परक्या भाषेत हे करत होती. आणि घरी येऊन माझ्या पोळ्या जाड झाल्या म्हणून टोकत होती. फार अभिमान वाटतो मला त्यांचा. तोंडावर कधी म्हटलं नाही.

१८ फेब्रु., बुध.
सलीमभाईंचा फोन. सापडली! लेबलवर त्यांनीच ‘खराब’ लिहून ठेवलेलं. गाणं आता लागेल म्हणून रेकॉर्डचं बटण दाबून बसले, तर स्टुडिओतली टेपच अडकली. दीदी बोलत राहिल्या.
सासूबाईंना सांगितलं. पाटी: "त्या दिवसाबद्दल मेमो मिळाला होता. नको."

२२ फेब्रु., रवि.
सलीमभाई टेपरेकॉर्डर घेऊन आले. सासूबाई स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. लावली.
"गाने की टेप आज रूठ गई है. जिनकी दाल चूल्हे पर है, देख आइए. मैं यहीं बैठी हूँ."
मला रडूच कोसळलं. इरा म्हणाली, "आजी पाटीवर लिहिते तश्शीच बोलते!"
पुढे: "और अशोका गार्डन से सलीम की अम्मी, कार्ड पर आपका नाम नहीं है. अगली बार लिखिएगा, मैं..." खट्. कॅसेटची बाजू संपली.
इराने विचारलं, मग लिहिलं का त्यांनी नाव? सलीमभाई म्हणाले, ठाऊक नाही बेटा. अम्मी जाऊन बरीच वर्षं झाली.
दार उघडलं. सासूबाईंनी पाटी त्यांच्यापुढे धरली. "ज़ुबैदा. अगले ही हफ़्ते. मैंने पढ़ा था."
सलीमभाईंनी ते नाव पुटपुटत वाचलं. मग हळूच म्हणाले, "तो वो भी मैंने ही काटा होगा."
सासूबाईंनी पाटी पुसली नाही. त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

२३ फेब्रु., सोम.
टेपरेकॉर्डर सलीमभाई इथेच ठेवून गेलेत. सासूबाईंनी हात लावला नाही. काढून ठेव, असंही लिहिलं नाही.
संध्याकाळी मी शाळेत शिकवून आले तर पाटीवर एकच ओळ. "माळ्यावर चढायची शिडी कुठे आहे?"
शेजारच्यांकडे आहे. उद्या आणते.