मामकूळ

१४ एप्रिल १९५७, रविवार

कालच्या पानावर चूक झाली आहे. महागावचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा आईला बरं नव्हतं, असं मी लिहिलं. आत्याने सांगितलं तेच उतरवलं — आईला विचारलं नाही. आई चांगली होती. आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. आत्यानेच तिला आत बसवलं होतं, कारण पाहुणे मामकूळ विचारणार. विचारलंच. आत्याने आईच्या माहेरचं नाव गाळून कुठल्याशा देशमुखांचं नाव सांगितलं! मी चहा घेऊन समोर उभी. कप पुढे करत गेले.

१५ एप्रिल

नीट लिहिते. आम्ही देशमुख. आमच्यात साध्या कुणब्याची मुलगी सून म्हणून चालते, आपली मुलगी मात्र त्यांच्यात द्यायची नाही. आई तशीच आली, मारेगावकडून. तिचा भाऊ, उकंडा मामा, भेटायला येतो तेव्हा बैलबंडी मागे गोठ्यापाशी सोडतो. पुढच्या दाराची कडी आत्याच्या हाती. मामासाठी ती कधी निघाली नाही.

मामाच्या गावी दौलत मास्तर आहे. तोही साधा कुणबीच, घरी थोडी कोरडवाहू शेती. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे होते, तेव्हाच आमचं दोघांचं ठरलं. होळीला मामाने बाबांपुढे शब्द टाकला. बाबा हसले. "तुमची आणली, म्हणून आमची बी देऊ काय?" आई वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

मग घाईने महागावचं स्थळ.

१७ एप्रिल

महागावचा होकार आला; २८ला साक्षगंध करून लग्न पक्कं करायचं. जेवले मात्र पोटभर.

२० एप्रिल

आत्याला विचारलंच, खोटं का सांगितलं म्हणून. भागीरथा आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन परत आली ती इथेच राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. वाती वळत बोलत होती.

"कुणब्याच्या घरी असती त माहाबी पाट लागला असता, दुसरं घर भेटलं असतं. देशमुखाची होती म्हणून जलमभर या दाराशी बसली. आता तूच तिकडं चालली, त मी कायले बसली होती?"

तिने वळलेल्या वाती मी डब्यात भरल्या. तिचं म्हणणं खोटं नाही. पण तिचं बसणं वाया जाऊ नये म्हणून मी महागावला जावं, हेही बरोबर नाही.

२३ एप्रिल

अंगणात कुरड्या घालताना आईला सांगून टाकलं — रविवारी साक्षगंधाला सगळ्यांसमोर खरं मामकूळ मी सांगणार. आईने हाताचा चीक पुसला.

"तू नोको बोलू. माहेर माहं हाय. मी सांगतो."

२८ एप्रिल, रविवार

सांगितलं! पानाचं तबक घेऊन आई स्वतः बैठकीत आली. पदर सारखा केला. गाव सांगितलं, घर सांगितलं. "उकंडा माहा सख्खा भाऊ. दुसऱ्याच्या वावरात बी राबते."

महागावच्या म्हाताऱ्याने आत्याकडे पाहिलं. "मंग त्या दिशी ते दुसरं नाव काहून सांगतलं?" पाहुणे उठले. पान कोणी घेतलं नाही. (खरं लिहायचं तर एकाने सुपारी उचलली.)

बाबा तसेच वावरात गेले.

२९ एप्रिल

बाबा आज बोलले, माझ्याकडे न बघता. आडवे येणार नाहीत. मांडवातही येणार नाहीत.

मी रडले. पण विचार बदलला नाही, हेही लिहून ठेवते.

३० एप्रिल

मामाला सांगावा गेला. लग्न त्याच्याच दारी. अक्षय्य तृतीयेला मुहूर्त विचारावा लागत नाही. आई सोबत येते आहे.

सांगावा घेऊन जाणाऱ्याला आत्याने अंगणातून परत बोलावलं. "उकंड्याले म्हणा, बंडी पुढं आणजो. कडी मी काढतो."

परवा, गुरुवारी, २ मेला लग्न. उद्या निघायचं, पुढच्या दारातून.